तिसरीच्या प्रगतिपत्रकात ‘क-१’ आणि ‘वाचनाकडे लक्ष द्यावे’ : यातून पालकांनी नेमकं काय समजायचं?

रानफूल

लेक तिसरीत आहे, अनुदानित मराठी शाळेत. पहिल्या सत्राचं प्रगतिपत्रक मिळालं. मराठी क-१, इंग्रजी ब-२, गणित ब-१, परिसर अभ्यास ब-१, कला अ-२. शेजारी नोंदी. विशेष प्रगती : ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होते.’ आवड : ‘गोष्टी ऐकणे.’ सुधारणा आवश्यक : ‘वाचनाकडे लक्ष द्यावे.’

पालकसभेत बाईंसमोर ही मोठी रांग. सही केली, पत्रक घेतलं, बाहेर. ‘वाचनाकडे लक्ष द्यावे’ म्हणजे कोणी द्यायचं, मी की तिने? ती घरी गोष्टीची पुस्तकं घेऊन तासन्‌तास बसते. मग क-१ कशाचा? नवरा म्हणतो, आमच्या वेळी शंभरपैकी किती ते कळायचं, विषय संपायचा. सासूबाईंनी थेट विचारलं, “पास आहे ना?” आणि मला त्याचंही धड उत्तर देता आलं नाही.

इथं शिक्षक मंडळी आहेत, जाणकार पालकही आहेत. हे पत्रक वाचतात कसं?

खडूफळा

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, त्यामुळे आतून सांगतो.

आपल्याकडे २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्याचे दोन भाग. आकारिक म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता केलेलं, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक चाचणी. दोघांचं वजन इयत्तेप्रमाणे बदलतं. पहिली-दुसरीला आकारिक ७०, संकलित ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मंनिम्मं, आणि सातवी-आठवीला उलटं, ४० आणि ६०. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण हे विषय पूर्णपणे आकारिक.

दोन्हींची बेरीज करून श्रेणी पडते. ९१ आणि त्यावर अ-१, मग दहा-दहा गुणांनी खाली : अ-२, ब-१, ब-२, क-१, क-२. ३३ ते ४० ला ड. त्याखाली इ-१ आणि इ-२, आणि त्या मुलांना जादा मार्गदर्शन देऊन निदान ड पर्यंत आणायची जबाबदारी शाळेची. सासूबाईंना सांगा, तुमची नात पास आहे.

आता मुद्द्याचं. क-१ म्हणजे ५१ ते ६०. समजा तुमच्या मुलीला ५६ आहेत. ते आकारिकचे ४२ आणि संकलितचे १४ मिळूनही होतात, आणि आकारिकचे २४ अधिक संकलितचे ३२ असेही होतात. पहिली मुलगी वर्गात बोलते, करते, पण पेपर लिहिताना अडते. दुसरी पेपर छान लिहिते, पण वर्गात मागे राहते. दोघींना लागणारी मदत पूर्ण वेगळी. पत्रकावर मात्र दोघी क-१.

म्हणून बाईंना भेटा आणि फक्त एवढं विचारा : “मराठीचे आकारिक किती, संकलित किती?” हे आकडे त्यांच्या मूल्यमापन नोंदवहीत असतातच.

तिरकस

खडूफळा, तुमची शाळा सतयुगात भरते का? आकारिकचे ६० गुण सत्राच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री दहानंतर, अंदाजाने भरले जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होते’ हे वाक्य माझ्या पुतण्याच्याही पत्रकात आहे. वेगळा जिल्हा, वेगळी शाळा, वेगळं व्यवस्थापन. तो पोरगा उपक्रमाचं नाव काढलं की पोट दुखतंय म्हणतो.

‘वर्णनात्मक नोंदी’ असं नेटवर शोधून बघा. विषयवार तयार वाक्यांच्या पीडीएफ मिळतात. उतरवा आणि मोकळे व्हा.

मीनल_का

+१ तिरकस. आमच्या वेळी पहिला-दुसरा-तिसरा नंबर होता, १ मे ला निकाल असायचा, घरी पेढे यायचे नाहीतर पाठीत धपाटा यायचा. मुलं त्यातूनच शिकली ना? आता सगळेच ‘प्रगतिपथावर’. नापास करायचं नाही म्हटल्यावर अभ्यास करायचा कशाला? आमच्या कामवाल्या मावशींचा मुलगा सहावीत आहे, त्याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. दरवर्षी पुढच्या वर्गात. ही कसली दया?

खडूफळा

तिरकस, पीडीएफ आहेत हे नाकारत नाही. माझ्या मोबाइलमध्येही एक आहे. पण हिशोब बघा. वर्गात चाळीस मुलं, तिसरीला सात विषय, दोन सत्रं. म्हणजे ५६० श्रेणी. प्रत्येक श्रेणीमागे आकारिकची साधनं : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, शिवाय इतर. एकूण आठ, त्यांतली विषयाला जुळतील ती निवडून गुण विभागायचे. त्यावर वर्णनात्मक नोंदी. शिवाय २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या, त्यांचे गुण चॅटबॉटवर भरायचे, आणि रेंज गेली की पहिल्यापासून.

शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. पहिली ते चौथीची दोन शिक्षकी शाळा असली की एकेकाकडे दोन-दोन वर्ग. दुसरीला पाढे म्हणायला लावून तिसरीचं निरीक्षण कसं नोंदवायचं ते एकदा येऊन दाखवा.

तरीही एक कबूल. नोंद लिहिताना जे मूल डोळ्यांसमोर उभं राहत नाही, त्याच्याच नावापुढे तयार वाक्य पडतं. धड ना मस्तीखोर, धड ना हुशार, अशी मधली पोरं. त्यांच्या पालकांनीच आम्हाला जास्त टोकायला हवं, आणि तेच सगळ्यात कमी येतात.

बाकी_शून्य

मीनल, दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी खिचडी होते, ती तुमच्याही प्रतिसादात झाली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १६ मध्ये मुलाला त्याच वर्गात न ठेवण्याची तरतूद होती. मूल्यमापन येतं कलम २९ मध्ये, आणि तिथं मुलाच्या आकलनाचं सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन करा असं म्हटलं आहे. ‘परीक्षाच घेऊ नका’ असं कुठेही नाही. उलट जास्त वेळा तपासा, आणि तपासून लगेच मदत करा, हा अर्थ होता. आपण पहिल्या कलमाचा आनंद घेतला आणि दुसऱ्याचे रकाने केले.

शिवाय चित्र बदललंय. कलम १६ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली, पाचवी आणि आठवीबाबत निर्णय राज्यांवर सोडला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ चा शासन निर्णय आला आणि २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा, आठवीला ६० चा, उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के. नाही जमलं तर पुनर्परीक्षा, तिथंही नाही तर त्याच वर्गात. शाळेतून मात्र काढता येत नाही.

मावशींचा मुलगा सहावीत आहे, म्हणजे कदाचित ही परीक्षा देऊनच पुढे गेला असेल. मग परीक्षा असूनही जोडाक्षरं राहिलीच ना?

मीनल_का

तेच म्हणतेय! म्हणजे परीक्षाही नावापुरती.

बाकी_शून्य

परीक्षेने राहिलेलं कळतं. शिकवलं जात नाही. जोडाक्षरं दुसरीत राहिली असतील तर ती पाचवीच्या एप्रिलमध्ये सापडून काय उपयोग?

निवृत्त_केंद्रप्रमुख

नमस्कार. चर्चा वाचून राहवले नाही.

२०१० पूर्वी घटक चाचण्या, सहामाही आणि वार्षिक असे असे. आमच्यासारख्या तपासणीला जाणाऱ्यांपुढे निकालपत्रक ठेवले जाई. ऐंशी टक्के, पंच्याऐंशी टक्के. मी पत्रक मिटवून मागच्या बाकावरच्या मुलाला जवळ बोलावीत असे आणि पुस्तकाबाहेरची चार वाक्ये वाचायला देत असे. मराठीत साठ गुण असलेली मुले धडा तोंडपाठ म्हणत. तीच अक्षरे वेगळ्या वाक्यात आली की थांबत. त्यामुळे ‘आमच्या वेळी गुणांवरून कळायचे’ हे रानफूल यांच्या यजमानांचे म्हणणे मला फारसे पटत नाही. गुण कळायचे, एवढे खरे.

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ सर्वेक्षण होते, त्याची रीत मला आवडते. स्वयंसेवक घरी जातात, मुलाला एकेकटे बसवून वाचायला देतात. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठपर्यंत पोचले एवढेच नोंदवायचे. २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. या मुलांच्या हाती प्रगतिपत्रके आली नसतील असे नाही. त्यांत काय श्रेण्या असतील याची कल्पना करावी.

रानफूल, आपण घरी हेच करून पाहावे. मुलीने पूर्वी न वाचलेली, दुसरीच्या पातळीची गोष्ट घ्यावी. आधी मोठ्याने वाचून घ्यावी. कुठे अडते ते टिपावे, मध्येच सांगू नये. जोडाक्षरावर अडते, की ओळ सुटते, की शब्दाचे पहिले अक्षर पाहून अंदाजाने पुढचे म्हणते? मग पुस्तक मिटून गोष्ट तिच्या शब्दांत सांगायला लावावी. दुसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट मनात वाचायला देऊन पुन्हा तेच. दोन्हींत फरक आढळला तर बरेच काही कळेल. ओळ वारंवार सुटत असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत. फळ्यावरचे न दिसणारी मुले ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याखाली वर्षानुवर्षे बसलेली मी पाहिली आहेत.

दुपारची_शाळा

काकांना अनुमोदन. डोळ्यांबरोबर कानही.

श्रेणी आणि शेरा एकत्र देण्याबद्दल थोडं. रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८ चा अभ्यास या विषयात कायम सांगितला जातो. इस्रायलमधली पाचवी-सहावीची मुलं. काही मुलांना त्यांच्या कामावर फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांत, रसही त्यांचाच सगळ्यात जास्त टिकला. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फारसा उपयोग झाला नाही. गुण दिसले की डोळे तिथेच थांबतात.

हे पालकांनाही तंतोतंत लागू आहे. इथेच बघा, रानफूलनं शेरा लिहिला होता, पण आपण अर्धा धागा क-१ वर घालवला.

मीनल_का

हे इस्रायलमध्ये ठीक. इथे नुसता शेरा दिला आणि तो पीडीएफमधून उतरवलेला असला तर पालकाच्या हाती काय राहिलं? निदान गुणांत खोटं पकडता तरी येतं.

दुपारची_शाळा

हा मुद्दा बिनतोड आहे. शेऱ्याला किंमत तो त्या मुलासाठी लिहिला असेल तरच. बटलरच्या अभ्यासातले शेरेही त्या-त्या कामाबद्दल होते, ‘छान प्रयत्न’ छापाचे नव्हते.

अॅप_त्रस्त_बाबा

तुमचं बरंय, वर्षातून दोनदा कागद येतो. आमच्या इंग्रजी शाळेचं अॅप आहे. रोज संध्याकाळी टिंग. ‘आज तुमच्या पाल्याला २ तारे.’ कशाचे? माहीत नाही. महिन्याला आलेख. दुसरीतल्या मुलाचे गणितातले टक्के दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत, शेजारी वर्गाची सरासरी. बायको त्या सरासरीकडे शेअर बाजारासारखी बघते. मुलगा घरी आल्यावर आधी विचारतो, “टिंग वाजलं का?”

मुलाला हातच्याची वजाबाकी जमत नाही हे मला अॅपवरून कळलं नाही, दुकानात सुट्टे मोजताना कळलं.

तिरकस

अॅपवाले बाबा, तुमच्या मुलाला माझ्याकडून ३ तारे.

चिमणीची_आई

माझी पहिलीत आहे, तिला नवीन समग्र प्रगती पत्रक आलंय. कोणाला अनुभव? पुस्तिकाच आहे चांगली जाड. झरा, डोंगर, आकाश अशी चित्रं आहेत पातळ्यांसाठी. मुलीने स्वतःबद्दल हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांवर खूण करायची, मैत्रिणीबद्दल करायची, आणि एक पान माझ्यासाठी, म्हणजे घरी ती काय करते, काय आवडतं, कुठे मदत लागते. छान वाटलं, पण भरायचं कसं ते कळेना. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकीने तिचं पान भरून फोटो टाकला आणि सगळ्यांनी तेच उतरवलं.

तिरकस

म्हणजे पीडीएफ आता पालकांकडे आली! मास्तर, अभिनंदन, सूड पूर्ण झाला.

खडूफळा

😀 वाट बघत होतोच.

चिमणीची आई, कल्पना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली. शिक्षकांबरोबर मुलाने स्वतःचं, सोबत्यांनी आणि पालकांनीही मत द्यायचं, आणि गुणांऐवजी जाणीव, संवेदनशीलता, सर्जनशीलता अशा अंगांनी बघायचं. सहा वर्षांच्या मुलांचं स्वयंमूल्यमापन म्हणजे बहुतेक सगळ्याच चेहऱ्यांवर हसरी खूण, ते गोड असतं आणि निरुपयोगी असतं. पण पालकांचं पान मला खरंच कामाचं वाटतं. एका आईने लिहिलं होतं, “धाकट्या भावाला रोज रात्री गोष्ट सांगते, स्वतः रचून.” ही मुलगी वर्गात तोंड उघडत नव्हती. ते वाचल्यावर मी तिला पहिलीच्या पोरांना गोष्ट सांगायला पाठवलं.

तुमच्या मनातलं लिहा, दोन ओळी का असेनात. ग्रुपवरचं नको. चाळीस पानांवर एकच मजकूर आला की आम्ही वाचणं सोडतो, हे स्पष्टच सांगतो.

रानफूल

सगळ्यांचे आभार. शाळेत जाऊन आले. रांगेच्या दिवशी नाही, मधल्या सुट्टीत, आधी चिठ्ठी पाठवून. बाई सुरुवातीला जरा सावध होत्या, तक्रार घेऊन आलेय असं वाटलं असावं. आकारिक-संकलित वेगळं विचारल्यावर त्यांनी नोंदवही काढली. संकलित ४० पैकी ३१. आकारिक ६० पैकी २६. प्रकट वाचन आणि भाषण-संभाषणात जवळजवळ काहीच नाही. बाई म्हणाल्या, उभं केलं की ओठ हलतात, आवाज येत नाही.

घरी काकांची रीत करून बघितली. मनात वाचून गोष्ट व्यवस्थित सांगते, बारकाव्यांसकट. मोठ्याने वाचताना अडखळते, ‘त्र’ आणि ‘ज्ञ’ वर थांबते आणि मग माझ्याकडे बघत राहते.

बाकी_शून्य

म्हणजे ‘वाचनाकडे लक्ष द्यावे’ हे चूक नाही, पण दिशाभूल करणारं आहे. तुम्ही रोज दोन पानं जास्त वाचायला बसवलं असतं.

मला वेगळाच प्रश्न पडतो. लाजणाऱ्या मुलीचे भाषेतले एवढे गुण जावेत का? हे भाषेचं मूल्यमापन झालं की धिटाईचं?

निवृत्त_केंद्रप्रमुख

बोलणे हेही भाषेचेच अंग आहे, त्यामुळे गुण असावेत. पण चाळीस जणांपुढे उभे करूनच ते तपासावे असे कुठे म्हटले आहे? टेबलाजवळ बोलावून, हळू आवाजात ऐकता येते. दोघींना एकमेकींना वाचून दाखवायला सांगून शिक्षकाने कान द्यावा. आकारिक मूल्यमापनात शिक्षकाला ही मोकळीक मुद्दाम दिलेली आहे. ती वापरणारे थोडे.

मीनल_का

जगात कोण टेबलाजवळ बोलावणार आहे तिला? कधीतरी उभं राहावंच लागेल.

दुपारची_शाळा

कधीतरी राहील की. तिसरीच्या पहिल्या सत्रातच का?

खडूफळा

रानफूल, बाईंकडे पुन्हा जाल तेव्हा तीन गोष्टी बोला. एक, सध्या तिला एकटीला किंवा जोडीत वाचायला देता येईल का. दोन, घरी आठवडाभर कुठली जोडाक्षरं घ्यायची ते त्यांनीच सांगावं, म्हणजे वर्गात आणि घरी एकच चालेल. तीन, महिन्याभराने पाच मिनिटं भेटायचं आत्ताच ठरवा. पुढच्या प्रगतिपत्रकापर्यंत थांबलात तर एप्रिल उजाडतो.

आणि ‘माझी मुलगी वर्गात कितवी’ हे विचारू नका. तो प्रश्न आला की आम्ही नोंदवही मिटतो आणि गोड बोलायला लागतो.

अॅप_त्रस्त_बाबा

मग मुळात शेरा कसा असायला हवा होता? कोणीतरी लिहून दाखवा, मी आमच्या शाळेला पाठवतो.

दुपारची_शाळा

माझा प्रयत्न : “मनातल्या मनात वाचलेलं चांगलं समजतं, गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहिते. मोठ्याने वाचताना जोडाक्षरांवर अडते व संकोचते. घरी रोज एका माणसाला अर्धं पान वाचून दाखवावं. वर्गात जोडीने वाचन घेत आहोत.” काय येतं, कुठे अडतं, घरी काय, वर्गात काय.

बाकी_शून्य

उत्तम. ‘वर्गात जोडीने वाचन घेत आहोत’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. नाहीतर सगळा शेरा पालकांच्या गळ्यात.

तिरकस

वाक्य झकास, पण प्रगतिपत्रकातला तो रकाना बघितलाय का? त्यात ‘जोडाक्षरांवर’ हा एक शब्द कसाबसा मावेल.

खडूफळा

मी मागच्या कोऱ्या पानावर लिहितो. एकदा तपासणीत विचारलं गेलं होतं, हे कुठल्या परिपत्रकानुसार? काका, तुम्ही नव्हता ना ते?